दोरी तुटते कुठे?

पावसाळा ओसरू लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागांतून दिवसभर ग्रासकटरचा आवाज येत राहतो. या यंत्राबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर त्यात इंजिनापेक्षा नायलॉनच्या दोरीचीच रड जास्त असते. दोरी बाहेर येत नाही, आली तर लगेच तुटते, तुटली की तिला फिरवणाऱ्या हेडच्या आत शिरून बसते, आणि हेड उघडावे तर आतली वेटोळी एकमेकांना चिकटलेली. यावर सहसा एकच सल्ला दिला जातो, की दोरी हलकी आहे, भारीतली घ्या. सल्ला सोपा आहे, पण बहुतेक वेळा चुकीचा आहे. दोरी हा यंत्रातला झिजून संपण्यासाठीच केलेला भाग आहे. ती टोकाला झिजत असेल तर सगळे ठीक चालले आहे असे समजावे. ती हेडच्या भोकापाशी तुटत असेल किंवा रिळातच वितळत असेल, तर कारण दोरीच्या बाहेर शोधावे लागते. आणि ते शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही, तुटलेल्या दोरीचे टोक नीट पाहिले तरी पुरते.

मुळात लवचीक दोरीने गवत कापले जाते हेच थोडे नवलाचे आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांनी 1971 साली ही कल्पना प्रत्यक्षात आणली. गाडी धुण्याच्या स्वयंचलित केंद्रातले फिरणारे ब्रश पाहून त्यांना ती सुचली, आणि पहिला प्रयोग त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून, त्यात मासेमारीची दोरी ओवून केला. तो डबा त्यांनी लॉनची कड कापायच्या यंत्राला बसवला. झाडाच्या बुंध्याला आणि दगडाच्या कडेला जिथे पाते नेता येत नाही तिथे गवत कापणे हा त्यांचा हेतू होता, आणि दोरीचा खरा गुण तोच आहे. दगडावर आपटली तर ती वाकते, टोकाचा थोडा भाग गमावते आणि पुढच्या फेरीत पुन्हा ताठ होते. हा ताठपणा तिचा स्वतःचा नसतो, तो वेगातून येतो. म्हणून दोरीच्या तक्रारींचा विचार तिच्या वेगापासून आणि तिच्यावर पडणाऱ्या ओढ्यापासून सुरू करायला हवा.

थोडे गणित करून पाहू. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी 2.4 मिलिमीटर जाडीची दोरी घेऊ. नायलॉनच्या घनतेनुसार तिच्या एका मीटरचे वजन साधारण 5 ग्रॅम भरते. हेडची त्रिज्या 6 सेंटिमीटर, बाहेर आलेली दोरी 15 सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100 धरले, तर दोरीच्या टोकाचा वेग सेकंदाला 130 मीटरच्या आसपास येतो. ताशी हिशेब केला तर पावणेपाचशे किलोमीटर. या वेगामुळे दोरीला हेडच्या भोकापाशी जो ओढा बसतो तो सुमारे 41 न्यूटन, म्हणजे चार किलो वजन टांगल्याइतका असतो. एवढ्या जाडीची चांगल्या स्थितीतली नायलॉन दोरी किमान तीस किलोचा ताण सहज सोसते. याचा अर्थ स्पष्ट आहे. दोरी नुसत्या फिरण्याने तुटत नाही. तुटायची तर तिला आपटणे, वारंवार वाकणे, भोकाच्या कडेने कापले जाणे, तापणे किंवा ठिसूळ होणे यांपैकी काहीतरी व्हावे लागते, आणि यातली बहुतेक कारणे आपल्या हातातली आहेत.

याच गणिताने पहिली तक्रारही उलगडते, ती म्हणजे हेड जमिनीवर टेकवले तरी दोरी बाहेर येत नाही ही. टॅप हेडच्या आत रीळ असते आणि स्प्रिंग त्याला एका जागी दाबून धरते. रिळाचे दाते हेडच्या खाचांत अडकलेले असल्याने रीळ आणि हेड एकत्र फिरतात. खालचे बटण जमिनीवर टेकले की रीळ वर सरकते, दाते क्षणभर सुटतात, आणि बाहेर असलेल्या दोरीचा ओढा रिळाला थोडे फिरवून आणखी दोरी बाहेर काढतो. लगेच स्प्रिंग रिळाला परत जागेवर बसवते. दोरी बाहेर ढकलणारा एकही भाग हेडमध्ये नसतो. तिला ओढून काढते ती आधीच बाहेर असलेली दोरी. आता तीच दोरी झिजून 15 ऐवजी 5 सेंटिमीटर उरली आहे असे समजा. लांबी एक तृतीयांश झाली, पण ओढा एक पंचमांशावर येतो, चार किलोवरून एक किलोच्याही खाली. एवढ्या ओढ्याला आतले घर्षण हरवता येत नाही. मग माणूस हेड आपटत राहतो, बटण फुटायला येते आणि दोष दोरीला दिला जातो. खरे तर दोरी अर्ध्यावर आल्याबरोबर हेड हलकेच टेकवले असते तर ती निमूट बाहेर आली असती. टेकवतानाही दोन गोष्टी पाळाव्या लागतात. यंत्र पूर्ण वेगात असावे आणि जागा टणक असावी. भाताच्या बांधावरच्या ओल्या मातीत बटण रुतते, दाबले जात नाही, आणि वर तीच लाल माती हेडच्या फटीत शिरून रिळाला जखडते. दिवसाचे काम संपल्यावर हेड उघडून ती माती आणि गवताचा चोथा काढला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो सुकून सिमेंटसारखा बसतो. हेड उघडण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवायची, हे घाईत वगळले जाते. ते वगळू नये.

दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांपैकी एकच बाहेर आणि दुसरी आत, अशी स्थिती अनेकजण चालवून घेतात. गवत तर कापले जात आहे, मग थांबायचे कशाला, असा विचार त्यामागे असतो. पण दोन दोऱ्यांचे ओढे एकमेकांना तोलून धरतात. एक नाहीशी झाली की उरलेल्या दोरीचा चार किलोचा ओढा एकाकी पडतो आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत दांडा हलवतो. हाताला मुंग्या येतात त्या यामुळे, आणि रिळातली वेटोळी एकमेकांवर घासून तापतात तीही यामुळे. म्हणजे एका दोरीवर काम रेटणे हेच पुढच्या बिघाडाचे कारण ठरते.

दोरी आत अडकण्याचे सगळ्यात मोठे कारण मात्र ती गुंडाळली कशी, यात असते. पतंगाच्या फिरकीवर मांजा सैल गुंडाळला आणि मग जोरात ओढ दिली, की वरचा पदर खालच्या पदरात रुतून बसतो, तसेच इथे होते. सैल वेटोळ्यावर कामाचा ताण आला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मध्ये घुसतो आणि मग कितीही टेकवले तरी सुटत नाही. म्हणून गुंडाळताना प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटून, ताण देत, एकही फुली न पडू देता घालावा. रिळावर बाण असतो, त्याच दिशेने. दिशा चुकली तर हेड फिरताना दोरी सुटण्याऐवजी उलटी आवळत जाते. रिळाला मधोमध पडदा असेल तर दोरी दुमडून तो दुमडलेला भाग मधल्या खाचेत अडकवायचा आणि दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात एकाच दिशेने गुंडाळायचे. एक पदर दुसऱ्याच्या कप्प्यात गेला की तिथे गुंता ठरलेला. आणि रीळ काठोकाठ भरू नये. जास्त दोरी बसवली की वारंवार भरायला नको, हा हिशेब उलटा पडतो, कारण काठाबाहेर आलेले वेढे हेडच्या भिंतीला घासतात आणि रीळ मोकळे फिरत नाही. काठापासून थोडी जागा मोकळी ठेवून भरलेले रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत चालते. काठोकाठ भरलेले रीळ मध्येच तीनदा उघडावे लागते.

आता तुटण्याकडे वळू. तुटलेल्या दोरीचे टोक फाटून केसाळ झालेले असेल तर ती गवतावर आणि मातीवर झिजली आहे, चिंता नको. टोक काचेसारखे सपाट तुटलेले असेल तर दोरी ठिसूळ आहे. टोक निमुळते, गुळगुळीत, चकचकीत असेल तर ती तापून ओघळली आहे. आणि भोकापाशी तिरपा काप दिसला तर भोकातली धातूची आयलेट तपासावी. आयलेट नवी असताना गोल, गुळगुळीत असते. वर्ष-दोन वर्षांच्या कामात दोरी तिच्यात एकाच बाजूला खाच पाडते आणि त्या खाचेची कड सुरीसारखी होते. बोट फिरवले की ती लगेच जाणवते. काही हेडमध्ये आयलेट सुटी मिळते आणि काही रुपयांत बदलता येते, काहींत अख्खे हेड बदलावे लागते. पण खाच पडलेली आयलेट ठेवून महागड्या दोरीवर खर्च करणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे.

कोकणात तुटण्याचे आणखी एक खास कारण आहे, ते म्हणजे जांभा. जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि छिद्रांनी भरलेला असतो. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचे गवत कापताना दोरीचे फक्त टोक दगडाला निसटते लागले तर ते झिजते एवढेच. पण यंत्र पुढे रेटले आणि दोरीचा मधला भाग दगडावर आला, तर दोरी दगडाभोवती वाकते आणि तो सगळा धक्का भोकापाशी येतो. तिथेच ती तुटते, आणि उरलेले टोक आत ओढले जाते. अशा वेळी दोरीचा दर्जा दुय्यम ठरतो. अंतर राखून टोकानेच कापणाऱ्या माणसाची साधी गोल दोरी, घुसून कापणाऱ्याच्या भारी दोरीपेक्षा जास्त टिकते. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराच्या दोरीला धारदार कडा असतात, त्यामुळे ती कोवळे गवत साफ कापते. पण दगडाजवळ पहिल्यांदा त्या कडाच जातात. जांभ्याच्या आसपास गोल दोरीच योग्य.

ठिसूळपणाचा प्रश्न जास्त खोल आहे आणि त्यावरचा घरगुती उपाय अनेकांना भाकडकथा वाटतो. दोरी वापरण्यापूर्वी पाण्यात भिजत घालावी, असे जुने वापरणारे सांगतात. प्लास्टिक भिजवून काय होणार, हा त्यावरचा आक्षेप. आक्षेप पॉलिथिनच्या बाबतीत बरोबर आहे, नायलॉनच्या बाबतीत नाही. नायलॉनच्या लांब रेणूंवर ठरावीक अंतराने अमाइड गट असतात आणि शेजारच्या साखळ्या त्यांच्यामार्फत हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. पाण्याचे रेणू या बंधांमध्ये शिरतात, पकड सैल करतात आणि साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला वाव देतात. नायलॉन 6 पूर्ण भिजले तर स्वतःच्या वजनाच्या 9 ते 10 टक्के पाणी धरते. पूर्ण कोरडे असताना ते सुमारे 50 अंश सेल्सिअसच्या खाली कडक, काचेसारख्या अवस्थेत असते. पाणी शोषल्यावर ही मर्यादा खोलीच्या तापमानाच्याही खाली येते. तेच द्रव्य, पण कोरडे असताना धक्क्याने तडकणारे आणि ओलसर असताना धक्का पचवणारे. पावसाळ्यात कोकणच्या हवेत दमटपणा इतका असतो की दोरी आपोआप ओलावा धरून राहते. पण तेच बंडल ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये लटकले, किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्याच्या कोरड्या झळांत पडून राहिले, तर पहिल्या पावसाच्या गवतावर ते कडाकड तुटणारच.

भिजवण्याला मर्यादाही आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. नायलॉनमध्ये पाणी फार सावकाश शिरते. अडीच मिलिमीटरची दोरी गाभ्यापर्यंत भिजायला काही आठवडे लागतील. तरी एक-दोन दिवसांचा फरक जाणवतो, कारण तडा सहसा पृष्ठभागावरून सुरू होतो आणि पृष्ठभाग आधी नरम होतो. दुसरी मर्यादा अशी की उन्हाने खराब झालेली दोरी भिजवून सुधारत नाही. अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्याच तुटलेल्या असतात, त्या पाण्याने जुळत नाहीत. भिजवल्यानंतर दोरी बोटांत घट्ट दुमडून पाहावी. पांढरी रेघ उमटून ती तडकली तर टाकून द्यावी. नवी दोरी सावलीत, पत्र्यापासून दूर ठेवली तर ही वेळ सहसा येत नाही.

रिळात दोरी चिकटण्याबद्दल लोकांचा समज असा की इंजिनाची उष्णता तिथपर्यंत पोचते. लांब दांड्याच्या यंत्रात इंजिन पाठीमागे असते आणि हेड दीड मीटर पुढे, तेव्हा हे संभवत नाही. उष्णता आतच तयार होते. दोरीचे टोक आपटले की प्रत्येक आपटीचा कंप रिळापर्यंत जातो, सैल वेढे एकमेकांवर घासतात, आणि प्लास्टिक उष्णता फार हळू सोडत असल्याने ती तिथेच साठते. नायलॉन 6 वितळते सुमारे 220 अंशांना, पण दाबाखाली असलेले दोन पृष्ठभाग चिकटायला सगळी दोरी वितळावी लागत नाही, स्पर्शाच्या बिंदूवरचा पातळ थर मऊ झाला तरी पुरे. म्हणून चिकटण्याचा इलाज पुन्हा घट्ट गुंडाळण्यात, एका दोरीवर काम न रेटण्यात आणि दगडावर मधला भाग न घासण्यात आहे. एकदा चिकटलेली दोरी सोडवून पुन्हा गुंडाळण्यात अर्थ नाही, कारण सोडवताना पडलेल्या ओरखड्यांवरच ती पुढे तुटते. तेवढा तुकडा कापून काढावा.

मग जाड दोरी घातली तर? हा सगळ्यात रास्त वाटणारा प्रश्न आहे. 2.4 ऐवजी 3 मिलिमीटरची दोरी घेतली तर तिचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे जास्त होते, म्हणजे ती तितकी मजबूत झाली. पण तेवढ्याच पटीत तिचे वजनही वाढले आणि भोकापाशीचा ओढाही वाढला. शिवाय जाड दोरी तेवढ्याच वळणात वाकवली की तिच्या बाहेरच्या थरावर जास्त ताण येतो, आणि 2.4 साठी केलेल्या भोकातून ती मोकळी सरकत नाही. रिळात मीटरही कमी बसतात. इंजिन त्या ताकदीचे असेल आणि हेड त्या जाडीसाठी केलेले असेल, तर जाड दोरी जरूर घ्यावी. लहान यंत्रात ती वेग खाते, आणि वेग गेला की ताठपणा गेला. ताठपणा गेल्यावर दोरी गवत कापण्याऐवजी त्याच्याभोवती गुंडाळली जाते.

याहून घातक सवय आहे गार्ड काढून टाकण्याची. गार्डवरचे छोटे पाते दोरी ठरावीक लांबीला कापते. ते नको, लांब दोरीने पट्टा रुंद पडतो, असे अनेकांना वाटते. पण हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती, फेरे तेच राहिले तर, त्रिज्येच्या जवळजवळ चौथ्या घातात वाढते. दोरीच्या टोकापर्यंतची त्रिज्या 21 वरून 25 सेंटिमीटर झाली, केवळ 4 सेंटिमीटरनी वाढली, तरी गवताला स्पर्श होण्याआधीच हवेचा भार दुप्पट होतो. इंजिन दबते, क्लच घसरून तापतो आणि पट्टा रुंद होण्याऐवजी काम मंदावते. शिवाय ताशी शेकडो किलोमीटर वेगाने उडणारा खडा आणि माणसाची नडगी यांच्यामध्ये काही उरत नाही. यंत्राच्या आसपास 15 मीटरच्या आत कुणी नसावे असे बनवणारे सांगतात ते गार्ड लावलेला आहे असे धरून.

दोरीला कंटाळून तिच्या जागी क्लचवायर किंवा बाइंडिंग तार घालणे ही तर थेट जीवावरची गोष्ट आहे. नायलॉनचा तुटलेला तुकडा हलका असतो, हवेत त्याचा वेग लवकर मरतो. पोलादाची घनता नायलॉनच्या जवळजवळ सातपट, म्हणजे तितक्याच आकाराचा तारेचा तुकडा सातपट जड, आणि तो बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. युरोपात धातूच्या साखळीचे जोडतुकडे लावलेल्या हेडमुळे प्राणघातक अपघात झाला तेव्हा युरोपीय आयोगाने 2012 साली हाती धरायच्या ब्रशकटरसाठी अशी हेड बाजारात आणायला बंदी घातली. आम्ही वर्षानुवर्षे तार वापरतो, काही झाले नाही, असे सांगणारे भेटतात. तार प्रत्येक वळणाला थकत असते आणि केव्हा तुटणार हे बाहेरून दिसत नाही. आजवर न तुटण्याने उद्याची हमी मिळत नाही.

दोरी जिथे वापरूच नये अशाही जागा आहेत. रानमोडीच्या झुडपाचे जून, लाकूड झालेले खोड दोरीला दाद देत नाही, तिथे धातूचे पाते लावावे. काजूच्या कोवळ्या कलमाजवळ उलट अडचण येते. तिथे दोरीच जास्त ताकदवान ठरते आणि सालीखालचा वाढीचा थर सोलून काढते, पूर्ण वेढा सोलला गेला तर कलम मरते. तिथला हातभर गवताचा घेर विळ्याने काढावा. ठिबकच्या 16 मिलिमीटर नळ्या गवतात लपलेल्या असतील तर त्या आधी उचलून ठेवाव्यात. आणि कापलेले गवत गोठ्यात वैरण म्हणून जाणार असेल, तर दोरी टाळून पाते किंवा विळाच वापरावा, कारण झिजलेल्या दोरीचे तुकडे त्या गवतातच पडलेले असतात. रीळ भरून लावलेल्या प्रत्येक मीटरमागे 5 ग्रॅम नायलॉन शेवटी बागेच्या मातीत जाते. टोकाला झिजणारे नायलॉन टाळता येत नाही, पण भोकाशी तुटून पडणारे बोटभर तुकडे आणि चिकटलेली वेटोळी उचलून कचऱ्यात टाकली तर टाळता येण्याजोगे नुकसान थांबते.